नवीन डिप्लॉय झालं की आधीपासून उघडे टॅब कोरे पडतात, मदत हवी आहे

रिअ‍ॅक्टमधलं सिंगल पेज अ‍ॅप आहे, बिल्ड व्हीट या टूलने होतं. गिटवर पुश केलं की क्लाउड होस्टिंग स्वतःच बिल्ड करून तयार फाइलींचा डिस्ट फोल्डर सीडीएनवर (फाइली वाटणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावर) चढवतं. सर्व्हर माझ्या हातात नाही, फक्त रिडायरेक्ट आणि हेडरचे नियम लिहिता येतात. बिल्ड लॉग स्वच्छ, नवीन टॅबमध्ये अ‍ॅप व्यवस्थित चालतं. रडगाणं आहे ते आधीपासून टॅब उघडा ठेवून बसलेल्यांचं. मेनूतून दुसऱ्या पानावर गेले की स्क्रीन पांढरी फटक! बहुतेकांचं रिफ्रेशने भागतं, काहींना हार्ड रिफ्रेशच लागतो.

कन्सोलमध्ये 'फेल्ड टू फेच डायनॅमिकली इम्पोर्टेड मोड्यूल' दिसतं. सोबत तक्रार, की जावास्क्रिप्ट मोड्यूल हवं होतं आणि सर्व्हरने टेक्स्ट/एचटीएमएल पाठवलं. नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलचा स्टेटस चक्क २००, म्हणजे सगळं ठीक. रिस्पॉन्स उघडला तर जेएस फाइलच्या नावाखाली आपलं इंडेक्स.एचटीएमएल, अगदी डॉकटाइपसकट.

कारण समजलंय. पानं लेझी लोड होतात, म्हणजे प्रत्येकाची जेएस फाइल (चंक) गरज पडली की मागवली जाते. चंकच्या नावात हॅश (फाइलच्या मजकुरावरून बनलेला कोड) असतो, नवीन बिल्डमध्ये तो बदलला की जुनी फाइल सीडीएनवरून गायब. आतल्या पानाचा पत्ता थेट उघडल्यावर ४०४ ('सापडलं नाही') येऊ नये म्हणून 'काही सापडलं नाही तर इंडेक्स द्या' असा नियम आहे, तो हरवलेल्या जेएसलाही लागू होतो.

घोडं अडलंय ते पुढे. लेझी लोडिंग काढलं तर पहिलं लोडिंग जड होतं. 'व्हीट:प्रीलोडएरर' इव्हेंट आला की पान रीलोड करा, असं व्हीटच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. पण आमच्याकडे लांबलचक फॉर्म आहेत, अर्धा भरलेला फॉर्म उडाला तर लोक मला फैलावर घेतील. शिवाय रीलोडवरही जुनंच इंडेक्स कॅशमधून आलं, तर ते चक्र थांबायचंच नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १:
आधी हेडर बघा. इंडेक्सवर 'कॅश-कंट्रोल: नो-कॅश' हवं. नावावर जाऊ नका, ब्राउझर फाइल जवळ ठेवतोच, फक्त वापरण्याआधी दरवेळी सर्व्हरला विचारतो, आणि बदल नसेल तर ३०४ येऊन काम भागतं. हार्ड रिफ्रेश लागणारी मंडळी बहुधा इथेच अडकली आहेत. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी, फाइली साठवू शकणारी स्क्रिप्ट) असेल तर तोही तपासा, जुनं इंडेक्स धरून ठेवण्यात तो पटाईत. हॅश असलेल्या फाइलींना मात्र ३१५३६००० सेकंद (एक वर्ष) आणि 'इम्युटेबल' (कधी न बदलणारी) बिनधास्त द्या.

आता खरी मेख. हे वर्षभराचं हेडर असेट्स फोल्डरला सरसकट लावलं असेल, तर हरवलेल्या जेएसच्या जागी गेलेलं एचटीएमएलसुद्धा त्याच हेडरसकट जाऊ शकतं. मग कधी रोलबॅक केलंत (जुन्या बिल्डवर परत गेलात) आणि ती फाइल सीडीएनवर परत आली, तरी ब्राउझर स्वतःकडचं चुकीचं एचटीएमएलच काढून दाखवेल. म्हणून फॉलबॅकमधून, म्हणजे तुमच्या त्या 'इंडेक्स द्या' नियमातून, असेट्स फोल्डर वगळा. नसलेल्या फाइलला सरळ ४०४ जाऊ दे.

धागाकर्ता:
असेट्सवर सरसकट तेच हेडर आहे! सर्व्हिस वर्कर नाही. फॉलबॅक आजच बदलतो. पण फॉर्मचं काय?

प्रतिसाद २:
चूक घडायची वाट का बघायची? बिल्डच्या वेळी एका छोट्या जेसन फाइलीत आवृत्ती क्रमांक लिहा, तोच अ‍ॅपमध्येही भरा. टॅबवर फोकस परत आला की ती फाइल मागवा (हिलाही नो-कॅश). आकडे जुळले नाहीत तर लगेच काहीच करू नका. पुढच्या वेळी वापरणारा दुसऱ्या पानावर निघाला, की राउटरऐवजी (जो रीलोड न करता पानं बदलतो) ब्राउझरलाच तो पत्ता पूर्ण लोड करू द्या. तो तसाही फॉर्म सोडून चाललेला असतो, त्यामुळे त्याला काही जाणवतही नाही. फॉर्मच्या आतच एखादा लेझी भाग असेल, जसा तारीख निवडायचा विजेट, तर तेवढा मुख्य चंकमध्ये घ्या.

प्रीलोडएररचा रीलोड शेवटचा आधार म्हणून ठेवाच, पण सेशनस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या त्या टॅबपुरत्या साठवणीत) खूण करून एकदाच होईल असं बघा. आणि होस्टिंग परवानगी देत असेल तर मागच्या एक-दोन बिल्डच्या असेट्स न पुसता राहू द्या. जागा फारशी लागत नाही.

धागाकर्ता:
तारखेचा विजेट लेझीच आहे, तुम्हाला कसं कळलं! होस्टिंग जुन्या असेट्स ठेवत नाही, त्यामुळे आवृत्तीवाला मार्ग धरतो. हेडर आणि फॉलबॅक बदलून टाकले आहेत. आता मुद्दाम जुना टॅब उघडा ठेवून डिप्लॉय करतो आणि काय होतं ते इथेच लिहितो.