सूपचे डबे छापलेले नव्हते
अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलबद्दल 'त्याने नुसते फोटो छापले, चित्र काढलं कुठे?' असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला निम्माच पटला. ज्या कामाने तो गाजला, ती कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची चित्रं छापलेली नाहीतच. १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत लागलेले ते ३२ कॅनव्हास (दर चवीचा एक) त्याने हाताने रंगवले होते. तळाकडची फुलांची नक्षी तेवढी शिक्क्याने उमटवलेली. त्याआधी तो न्यूयॉर्कमध्ये बुटांच्या जाहिरातींची रेखाटनं करून पोट भरत होता. शाईची ओली रेघ दुसऱ्या कागदावर टिपून घ्यायची, म्हणजे ती जरा तुटक, थरथरती उमटते, ही त्याची लकब. त्यावरची वळणदार अक्षरं कित्येकदा त्याची आई ज्युलिया लिहायची!

आता छापण्याबद्दल. मी कॉलेजच्या सुट्टीत लग्नपत्रिकांच्या स्क्रीन प्रिंटिंगवर हात काळे केलेत. जाळीत शाई वाळली की अक्षरं पुसट येतात, जास्त ओतली की बरबटतात. असे कागद आमच्याकडे थेट रद्दीत जायचे, वर बोलणी खावी लागायची ती वेगळी. आता वॉरहॉलने याच पद्धतीने छापलेल्या 'मेरिलिन डिप्टिक'चा (अभिनेत्री मेरिलिन मन्रोचा चेहरा पुन्हा पुन्हा छापलेलं दोन भागांचं चित्र) उजवा, काळा-पांढरा भाग मोठा करून बघा. एका उभ्या ओळीत चेहरे शाईने जवळजवळ बुजलेत, आणि उजव्या कडेला जाईस्तोवर पार विरलेत. मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये गेली, चित्र त्याच वर्षीचं. आम्ही फेकून दिला असता तोच माल त्याने मुद्दाम ठेवला.