मान आखडलीये: मसाज घेऊ का, आणि इन्शुरन्सवाले पैसे देतात का?

मधली_सुट्टी:
मंडळी, कुणी जागं आहे का? हल्ली रात्री पलंगावर उशांवर उशा रचून टीव्ही बघायची सवय लागलीये, हा शेवटचा एपिसोड म्हणेपर्यंत पुढचा आपोआप सुरू होतो आणि मग कोण उठून बंद करणार... तर आता मान आणि उजवा खांदा असा काही आखडलाय की मागून कुणी हाक मारली तर मी अख्खीच्या अख्खी वळते. ऑफिसातली मैत्रीण म्हणते डीप टिश्यू मसाज घे, पॅकेज घेतलं की स्वस्त पडतं. धाकटी बहीण म्हणते एवढा हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता भरतेस ना, टाक की क्लेम. पॉलिसीची पीडीएफ उघडून मसाज शब्द सर्च केला तर शून्य रिझल्ट. म्हणजे मिळतो का नाही? आणि मुळात मसाजने हे दुखणं जातं का, की तेवढ्यापुरतं बरं वाटतं? अनुभवी लोकांनी सांगा, गूगल करून मी स्वतःला नाही नाही ते आजार आधीच लावून घेतलेत.

खवचट_कावळा:
क्लेम फॉर्मवर दुखापतीचं कारण काय लिहिणार? "सीझन दोन"?

पॉलिसीपंडित:
कावळ्या गप रे. सुट्टी, क्लेमच्या टेबलापलीकडे बरीच वर्षं बसलोय म्हणून सांगतो, मसाजचा विषय सोड. साधी हेल्थ पॉलिसी असते ती ऍडमिट झाल्यावर येणाऱ्या खर्चासाठी. तू चालत गेलीस, चालत परत आलीस, तो झाला ओपीडीचा खर्च, त्यासाठी वेगळं ओपीडी कव्हर घेतलेलं असेल तरच काही हाताला लागतं आणि त्यातही डॉक्टरची फी, तपासण्या, औषधं वगैरे असतात, स्पा नाही. सर्चच करायचं तर फिजिओथेरपी शोध, आणि एक्स्क्लूजनचं पान, म्हणजे कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत ती यादी, आधी वाच (लोक ब्रोशर वाचतात आणि पॉलिसी वाचत नाहीत, मग भांडायला येतात). ऑपरेशन किंवा ऍडमिशननंतर ठरलेल्या मुदतीत, डॉक्टरने लिहून दिली असेल तर फिजिओ बऱ्याच पॉलिसीत मिळते. कंपनी काय बघते तर कुणी लिहून दिलं, कशासाठी लिहून दिलं आणि उपचार करणारा माणूस रजिस्टर्ड आहे का. स्पाच्या पावतीवर यातलं काहीच नसतं. काही देशांत वेगळं आहे, जर्मनीत डॉक्टरने उपचार म्हणून लिहून दिलेला मसाज तिथल्या सार्वजनिक विम्यात बसतो, खर्चाचे १० टक्के आणि वर प्रिस्क्रिप्शनमागे एक ठरावीक रक्कम पेशंटने भरायची. पण तिथेही "मला रिलॅक्स व्हायचंय" हे कारण चालत नाही.

अजून एक, डॉक्टरकडे जाशील तेव्हा "किती दिवसांपासून दुखतंय" याला मोघम "झाली की दोन-तीन वर्षं" असं ठोकून देऊ नकोस. ते केसपेपरवर उतरतं आणि उद्या खरंच मोठं काही निघालं तर कंपनी तोच कागद पुढे करून म्हणते की हे पॉलिसीच्या आधीपासूनचं आहे, वेटिंग पिरियड, म्हणजे जुन्या आजाराचे पैसे न देण्याची सुरुवातीची मुदत, संपेपर्यंत थांबा. खोटं सांगू नकोस, जे असेल ते आठवून नेमकं सांग. नवीन पॉलिसी घेणाऱ्यांनी तर जुनं पाठीचं-मानेचं दुखणं फॉर्मवर लिहायचंच, एजंट म्हणाला "राहू द्या हो, किरकोळ आहे" तरी लिहायचं, कारण क्लेमच्या वेळी सही तुमची असते, एजंटची नसते.

मधली_सुट्टी:
पंडितकाका थँक्यू, पण आता नवीन डोकेदुखी. माझ्यात ओपीडी आहे असं दिसतंय आणि त्याखाली डिडक्टिबल पण लिहिलंय आणि को-पे पण. दोन्ही म्हणजे मीच भरायचे ना, मग वेगवेगळं कशाला लिहिलंय?

पॉलिसीपंडित:
डिडक्टिबल म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम तुझी, त्याच्या आत कंपनी हातच घालत नाही. को-पे म्हणजे कंपनीने हात घातल्यावरही प्रत्येक बिलात तुझी टक्केवारी. समज बिल १०० चं आहे, डिडक्टिबल २० आणि को-पे १० टक्के. आधी २० तुझे गेले, राहिले ८०, त्याचे १० टक्के म्हणजे ८ परत तुझे, म्हणजे २८ तू आणि ७२ कंपनी. बऱ्याच पॉलिसीत याच क्रमाने मोजतात, तुझ्यातला क्रम तपास. शिवाय डिडक्टिबल वर्षाला एकदाच आहे की प्रत्येक क्लेमला ते पण बघ, त्याने सगळं गणित फिरतं. छोट्या छोट्या ओपीडी बिलांत बहुतेकदा डिडक्टिबलमध्येच सगळं विरघळतं आणि हाती भोपळा येतो.

खांदेपालट:
मी फिजिओ आहे, आत्ता बघितला धागा. मसाजने बरं वाटतं का, तर हो, मानेच्या आणि कंबरेच्या साध्या दुखण्यात थोडे दिवस आराम पडतो असं अभ्यासांत दिसलंय, पण पुढे महिनोन्महिने टिकेल याचा पुरावा कच्चा आहे. म्हणून पॅकेज लगेच घेऊ नकोस, एकदा घेऊन बघ. आणि डीप टिश्यू म्हणजे जितकं जास्त दुखेल तितका फायदा असं नसतं ग, दुसऱ्या दिवशी अंग काळं-निळं झालं तर ते काही चांगलं लक्षण नाही, दाब जास्त होतोय तर तिथल्या तिथे बोलायचं, लाजायचं नाही.

पण आधी हे बघ. दुखणं हातात उतरतंय का, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा, हातातून वस्तू सुटणं, चालताना तोल जाणं, ताप, विनाकारण वजन उतरणं, पडल्या-धडपडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर मसाज बाजूला, डॉक्टर आधी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ झालेली असतील तर जोराचा मसाज नको. आणि शेवटी मान कटकन मोडून देतात ना काही जण, ते अजिबात करून घेऊ नकोस. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या असतात, झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत. दुर्मिळ आहे, पण त्या कटकन आवाजाने मिळतं तरी काय.

पोटरीचं पण सांगते विषय निघालाच आहे तर. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, लांबचा प्रवास झालाय किंवा ऑपरेशन झालंय आणि दुखतेय, तर घरच्यांनी प्रेमाने सुद्धा चोळायची नाही. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तडक दवाखाना.

खवचट_कावळा:
ताई तुम्ही घाबरवताय हां. आमच्या जिमचा ट्रेनर म्हणतो मसाजने स्नायूत साठलेलं लॅक्टिक ऍसिड बाहेर पडतं, म्हणून व्यायामानंतर घ्यायचाच.

खांदेपालट:
सगळेच ट्रेनर म्हणतात. व्यायाम थांबवल्यावर साधारण तासाभरात ते लॅक्टेट शरीर स्वतःच संपवतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखतं ते सवय नसलेल्या ताणाने स्नायूत झालेल्या बारीक इजांचं. २०१२ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी एक गमतीशीर प्रयोग केला होता, ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला मसाज दिला आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूचे बारीक नमुने काढून तपासले. मसाजवाल्या पायात सूज-दाहाशी संबंधित संकेत कमी होते, लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. लोक फार थोडे होते, त्यामुळे त्यावरून फार उड्या मारू नयेत, पण ट्रेनरला सांग तरी.

रिमोटकाका:
तुम्ही सगळे मसाज नि क्लेममध्ये अडकलात, तो टीव्ही कुठे लावलाय ते कुणी विचारलंच नाही. सुट्टी, पलंगावरून बघतेस म्हणजे उशांनी हनुवटी छातीला टेकत असणार, आणि टीव्ही भिंतीवर वर असेल तर नजर वर, म्हणजे मान एकीकडे नि डोळे दुसरीकडे. बसून सरळ समोर बघितलं की नजर स्क्रीनच्या मधोमध किंवा किंचित वर पडली पाहिजे. लोक टीव्ही फोटोफ्रेमसारखा उंच टांगतात, दिसायला छान दिसतो आणि मानेची वाट लागते. आडवं पडूनच बघायचं असेल तर नुसत्या डोक्याखाली उशा नकोत, पाठीपासून टेकण हवं, आणि टीव्ही खाली झुकवता येईल असा ब्रॅकेट लाव. अंतराचा एक ढोबळ हिशोब आहे, स्क्रीनचा तिरपा आकार गुणिले दीड पट किंवा थोडं जास्त. ५५ इंची म्हणजे साधारण १४० सेंटिमीटर, तर दोन-सव्वादोन मीटरवर बस. फार लांब बसलं की सबटायटल वाचायला नकळत मान पुढे जाते, कासवासारखी.

आणि ते आपोआप पुढचा एपिसोड सुरू होणं सेटिंगमध्ये बंद करता येतं. ऍपमध्ये प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले शोध. उठायला निमित्त मिळतं. आमच्या आधीच्या पिढीला बटण दाबायला टीव्हीपर्यंत चालत जावं लागायचं, त्यांना कुठली मानदुखी. पहिला बिनतारी रिमोट १९५५ चा, झेनिथ कंपनीचा, टॉर्चसारखा प्रकाशाचा झोत टीव्हीच्या कोपऱ्यांवर मारायचा, तर खिडकीतून ऊन आलं की चॅनल आपोआप बदलायचं. पुढच्या वर्षी आवाजावर चालणारा काढला, आत ऍल्युमिनियमच्या कांड्या, बटण दाबलं की त्यावर हातोडी, बॅटरीच नाही. असो, वाहवत गेलो.

मधली_सुट्टी:
काका टीव्ही वरच आहे, कपाटाच्या उंचीला, लावणारा म्हणाला होता इथेच छान दिसेल. हाताला मुंग्या नाहीयेत ताई, फक्त मान. तर आता असं ठरवतेय की पॅकेज नाही, या शनिवारी ब्रॅकेट खाली घ्यायचा, आणि आठवडाभर बघून नाहीच वाटलं तर फिजिओकडे. क्लेमचा नाद सोडला, २८ भरण्यापेक्षा ब्रॅकेट परवडेल.

खांदेपालट:
बरोबर. तोवर दर अर्ध्या-पाऊण तासाने उठ, खांदे मागे फिरव, मान हळू दोन्ही बाजूंना वळव, गरम शेक घेतलास तरी चालेल. पूर्ण आराम नको, मान हलती राहिली की लवकर सुटते.

खवचट_कावळा:
रिमोटकाका माझा पण एक प्रश्न घ्या, नवीन टीव्ही घेतल्यापासून सगळे सिनेमे घरगुती मालिकेसारखे दिसतात, पात्रं सरकल्यासारखी चालतात, हे मलाच होतंय का?

रिमोटकाका:
तुलाच नाही रे, ते मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधल्या जागा स्वतः बनवलेल्या चित्रांनी भरतो. २०१८ ला टॉम क्रूझने सुद्धा व्हिडिओ टाकून लोकांना विनवलं होतं की हे बंद करा. पिक्चर सेटिंगमध्ये प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, मोशन असा शब्द असलेलं जे काही सापडेल ते ऑफ कर, किंवा फिल्ममेकर मोड असेल तर तो लाव, त्यात हे आपोआप बंद होतं. फक्त मॅच बघताना चालू ठेवलंस तरी हरकत नाही, तिथे चेंडू जरा बरा दिसतो.