राज्यसूचीतल्या विषयावर केंद्राला खर्च करता येतो का?

चाटीगल्लीकर: २०१६ च्या पहिल्याच यादीत आपलं सोलापूर स्मार्ट सिटीत आलं. पण स्थानिक स्वराज्य संस्था तर राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांत. मग दिल्लीनं पैसा कोणत्या अधिकारात दिला?

कोर्टकचेरी: राज्यघटनेचं कलम २८२. सार्वजनिक कारण असलं की केंद्र अनुदान देऊ शकतं, त्या विषयावर कायदा करता येत नसला तरी. याच कलमावर खासदार निधीही सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये वैध ठरवला.

चाटीगल्लीकर: मग मर्यादा कुठाय? पैशामागनं अटी येतात की! तेवढाच वाटा इकडनं घाला, वेगळी कंपनी काढा. आमच्याकडं नळ चार दिवसांआड, पिंपं भरून ठेवतो. आधी काय करायचं हे महापालिकेच्या सभागृहातच ठरायला पाहिजे.

सातरस्ता: खरी मेख सेसमध्ये, म्हणजे ठरावीक कामासाठी लावलेल्या जादा करात. पंधराव्या वित्त आयोगानं केंद्रीय करांतले ४१ टक्के राज्यांना दिले, पण सेस-अधिभार त्या वाटपात येतच नाहीत. कलम २७० वाचा.