मुद्दाम हसल्याने मन बरं होतं का?

मानसी_क
१९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन बागेत हास्यक्लब सुरू केला. आधी रोज विनोद सांगायचे. मग चांगले विनोद संपले, उरलेले लोकांना बोचू लागले, तेव्हा विनोदच सोडून नुसतं हसायचं ठरलं. माझ्या मते सगळं मोल त्या बदलात आहे. हसायला कारण लागत नाही म्हटलं की ज्याला सध्या कशातच गंमत वाटत नाही तोही येऊ शकतो. उच्छ्वास लांबतो, पोटाचे स्नायू हलतात, समोरच्याकडे बघावं लागतं आणि ओढूनताणून आणलेलं हसू पुष्कळदा मध्येच खरं होतं. मन थकलेल्यांनी हे जरूर करून पाहावं.

पार्थ२
अजिबात पटलं नाही. 'शरीराला खरं-खोटं हसू कळत नाही' हे ठासून सांगितलं जातं, पण आधार काय? पेन दातांत धरून चेहरा हसरा केला की व्यंगचित्रं जास्त गमतीदार वाटतात, हा १९८८चा गाजलेला प्रयोग. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला, तर तसा परिणाम दिसला नाही. आणि डिप्रेशनमधल्या माणसाला 'हस बघू' म्हणणं मला निर्दयपणा वाटतो. तो दिवसभर चारचौघांत हसरा चेहरा घेऊनच वावरत असतो! त्याला निदान एक जागा अशी हवी जिथे हसावं लागत नाही.

मानसी_क
शेवटचं वाक्य मान्य, मनापासून. जबरदस्ती नकोच. पण प्रयोगांची गोष्ट २०१६ला थांबली नाही. २०२२च्या अनेक देशांतल्या मोठ्या अभ्यासात हसऱ्या चेहऱ्याची नक्कल करणाऱ्यांना थोडं जास्त आनंदी वाटलं. पेनच्या पद्धतीचा परिणाम तिथेही स्पष्ट नव्हता. शिवाय मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांच्या संशोधक गटाला दिसलं की सोबत खळखळून हसल्यावर माणसं वेदना जास्त सोसू शकतात.

पार्थ२
डनबर यांच्या प्रयोगांत लोक विनोदी कार्यक्रम बघून आपसूक हसत होते. ते ठरवून हसण्याच्या खात्यात कसं जमा करता?

रेवा
पार्थ, हा मुद्दा बिनतोड आहे. तरी मी मानसीच्या बाजूने. हसण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणात माणसं एकटी असण्यापेक्षा सोबतीत सुमारे ३० पट जास्त हसतात. म्हणजे गुण हसण्याचा की सोबतीचा, हे वेगळं काढणंच अवघड. एकाकी माणसाला रोज ठरल्या वेळी कुणीतरी वाट बघतंय एवढंही पुष्कळ असतं.

पार्थ२
मग सोबत चाला, गा. हसायचाच आग्रह का?

रेवा
गायला सूर लागतो, चालायला गुडघे. हसायला बसल्या जागीही येतं.

डॉक्टरीण
एक गोष्ट दोन्ही बाजूंनी राहिली. जोरात हसताना पोटातला दाब वाढतो. हर्निया, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. डिप्रेशनच्या गोळ्या किंवा समुपदेशन हसण्याच्या भरवशावर बंद करू नका. जोडीला हसा, त्यांच्याऐवजी नको. आणि मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर गटाची वेळ होईपर्यंत थांबू नका, लगेच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

पार्थ२
हे प्रत्येक गटात पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि न हसता नुसतं बसायची मुभा दिली, तर माझा निम्मा विरोध संपला. 'शरीराला कळत नाही' या दाव्याला मात्र विरोध कायम.