मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन आरव्हीने वाळवंटातल्या गुहा

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये पुण्याहून अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला ताईकडे जातोय. तिथून आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन आधी बेन्सनजवळच्या कार्चनर गुहा आणि मग न्यू मेक्सिकोतलं कार्ल्सबॅड हे गुहांचं राष्ट्रीय उद्यान करायचं आहे. कार्चनरचं मोठं दालन वटवाघळांच्या पिल्लांसाठी १५ एप्रिलपासून सहा महिने बंद असतं, म्हणून मार्चच धरला.

खरी काळजी आईच्या गुडघ्यांची. कार्ल्सबॅडच्या नैसर्गिक तोंडातून जाणारी वाट सव्वा मैलात ७५० फूट खाली उतरते. पर्वती ती आजही सावकाश चढते, पण एवढा उतार नकोच; तिला लिफ्टनेच नेणार. खालची सपाट फेरीही सव्वा मैलाचीच आहे. मध्ये टेकायला जागा आहे का? आत १३ अंश असतं, तर शाल पुरेल की स्वेटरच हवा?

दुसरं, त्या भागात वसंतात वारा आणि धुळीची वादळं फार. हायवेवर एवढी उंच गाडी आडव्या वाऱ्यात कितपत हेलकावते? चालवणार मी एकटाच. कार्ल्सबॅड उद्यानात आरव्ही रात्री लावता येत नाही, म्हणून व्हाइट्स सिटीत मुक्काम करू म्हणतोय. कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा, बुकिंग याच आठवड्यात करायचं आहे.