विहिरीतला हिरवट दगड: पर्वतपट्ट्यातला खडक सपाट शिवारात कसा?

धानबांधी (पवनी तालुका, भंडारा)
विहीर खोल करताना चाळीस फुटांवर हिरवट, हाताला साबणासारखा लागणारा दगड निघाला. त्यात काळे, जड कण आहेत आणि चुरा केल्यावर त्यांतले काही चुंबकाला चिकटतात. पवनी भागात क्रोमाइट (क्रोमियमचे काळे खनिज) असलेले अतिअल्पसिकत, म्हणजे सिलिका फार कमी असलेले, खडक आहेत, हे ठाऊक आहे. परंतु असे खडक लडाख किंवा आल्प्ससारख्या पर्वतपट्ट्यांत आढळतात, असे वाचले. आमच्याकडे तर बांध्या (भातखाचरे) आणि बोड्याच (लहान तळी) आहेत. मग हा दगड इथे कसा, आणि तो मुळातच असा होता का?

खडकवाट
भाऊ, डोंगर होता, तो झिजला. साकोली आणि सौसर पट्ट्यांतील वळ्या पडलेले, रूपांतरित (उष्णता आणि दाबाने बदललेले) खडक हे अतिप्राचीन पर्वतांचे उघडे पडलेले मूळ आहे.

आपला दगड मुळात असा नव्हता. ऑलिव्हीन व पायरोक्सीन या खनिजांनी बनलेल्या जड खडकात पाणी शिरले की सर्पेंटाइन हे हिरवट खनिज तयार होते. त्यात वजनाने सुमारे १३ टक्के पाणी असते, त्यामुळे खडक फुगतो आणि त्याची घनता घन सेंटीमीटरला ३.३ ग्रॅमवरून २.६ च्या आसपास उतरते. ऑलिव्हीनमधले लोह सर्पेंटाइनमध्ये पुरते सामावत नाही, त्याचे मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज होते. आपल्या चुंबकाला बहुधा तेच चिकटले असावे.

असा खडक दोन वाटांनी जन्मतो: एक तर तो प्रावरणाचाच (कवचाखालच्या थराचाच) तुकडा असतो, जो भूपट्टांच्या टकरीत सागरी कवचासह वर ढकलला जातो, जसा लडाखमध्ये निदर येथे, किंवा कवचात शिरलेल्या शिलारसाच्या (वितळलेल्या खडकाच्या) तळाशी जड स्फटिक साचून तो बनतो. सर्पेंटाइनवरून हा भेद कळत नाही. क्रोमाइटच्या कणाची कड रूपांतरणात बदलते, गाभा मात्र बऱ्याचदा तसाच राहतो. म्हणून ही वाट ओळखायला त्या गाभ्याचे रासायनिक विश्लेषण मला सर्वांत मोलाचे वाटते.

मृगधारा
वरील उत्तराला तापमानाची जोड देतो. सर्पेंटाइनचे तीन प्रकार आहेत: कमी तापमानाला लिझार्डाइट व क्रिसोटाइल बनतात, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर अँटिगोराइट टिकते आणि दाबानुसार ५०० ते ६५० अंशांच्या दरम्यान तेही मोडून पाणी सोडते, तेव्हा ऑलिव्हीन पुन्हा जन्मते. सर्पेंटाइनचा शिलारस असतो, असे एके काळी मानले जाई. बोवेन आणि टटल या खडकशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये प्रयोगांतून तो समज मोडला. साबणासारखा स्पर्श मात्र शंखजिऱ्याचा असावा. सिलिका किंवा कार्बन डायऑक्साइड असलेले पाणी खेळले की सर्पेंटाइनपासून ते बनते.

एक विनंती: दगडात रेशमासारखे तंतू दिसले तर तो कोरडा फोडू नका. क्रिसोटाइल हे ॲस्बेस्टॉस आहे, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. विहिरीच्या पाण्यातील क्रोमियमही तपासून घ्या.

धानबांधी
तंतू दिसले नाहीत. पाण्याचा नमुना उद्या देतो. चुंबकाला न चिकटणारे कण टाइलच्या खरखरीत पाठीवर घासले, तर रेघ तपकिरी उमटली.

खडकवाट
मग ते क्रोमाइट असण्याची शक्यता मोठी आहे, कारण मॅग्नेटाइटची रेघ काळी येते. ते कण वेगळे जपून ठेवा.