मदत हवी आहे: ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज हलक्या कामात कमी कसं करावं?

कापूसपट्टा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला एक जुनी पण तगडी मशीन आहे: इंटेल कोअर आय५-२५००के, झेड६८ चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, साधंसं ग्राफिक्स कार्ड, टॉवर कूलर, विंडोज १०. नागपूरच्या मावसभावाकडून घेतली. ४.४ गिगाहर्ट्झचं ओव्हरक्लॉक (कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं) त्यानंच करून दिलेलं आहे. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) ४४ आणि व्हीकोअर (प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज) १.३६ व्होल्टवर पक्का बांधलेला. कंपनीकडून हा प्रोसेसर ३.३ चा येतो आणि टर्बोमध्ये (भार आला की आपोआप वाढणाऱ्या वेगात) ३.७ पर्यंत जातो, म्हणजे फरक चांगलाच आहे. लग्नसराईत रात्री रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावून सकाळी पेनड्राइव्ह द्यायचा असतो, तेव्हा हा वेग कामी येतो. तो मला सोडायचा नाही.

पण दिवसभराचं काम एकदम हलकं: पासपोर्ट फोटो, प्रिंट, लोकांचे पीकविम्याचे अर्ज, सातबारा, ब्राउझर. तेव्हाही सीपीयू-झेड (वेग नि व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पाहिलं तर ४४०० मेगाहर्ट्झ आणि १.३६ व्होल्ट, जराही हलत नाही. दुकानावर टिनाचं छप्पर आहे. एप्रिल लागला की दुपारी आतच चाळिशी ओलांडते. कुठलंही काम चालू नसताना प्रोसेसर ५८-६० अंशांवर बसलेला असतो, आणि रेंडर लावलं की ८५ च्या पार.

दुसरं म्हणजे लाइन. ती कधी जाईल याचा नेम नाही आणि गेली की दुकान इन्व्हर्टरवर. एका अर्जासाठी म्हातारी माणसं उन्हातून चालत येतात, त्यांना "बॅटरी संपली, उद्या या" म्हणणं जिवावर येतं. म्हणून निष्कारण जाणारा प्रत्येक वॅट मला वाचवायचा आहे.

जवळच जिनिंग असल्यामुळे कूलरच्या पात्यांत कापसाचे तंतू अडकतात, ते मी नियमित काढतो. थर्मल पेस्टही नवीन आहे. दोन दुकानदारांना विचारलं, दोघांनीही "ओव्हरक्लॉक काढून टाका" एवढंच सांगितलं. रेंडरला ४.४ राहावं आणि हलक्या कामात वेग नि व्होल्टेज दोन्ही आपोआप खाली यावं, असं या बोर्डावर करता येतं का? आणि तसं केल्यानं मशीन अस्थिर तर होणार नाही? लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यात बंद पडला तर लोकांना तोंड दाखवता येणार नाही.

---

सर्किट_वर्धा

करता येतं, आणि तुमच्या प्रोसेसरवर तर चांगलंच करता येतं. सँडी ब्रिज पिढी आहे ही, जानेवारी २०११ मध्ये आलेली. काम नसलं की मल्टिप्लायर १६ वर आणून १६०० मेगाहर्ट्झला चालायची सोय तिच्यात मुळातच आहे. तुमच्याकडे ती कुणीतरी बंद केलेली दिसते. ओव्हरक्लॉक करणारे बरेच जण स्थिरतेसाठी असं करतात.

आधी विंडोजमध्ये पाहा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "हाय परफॉर्मन्स" निवडलेलं असेल तर त्यात मिनिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्के असते. म्हणजे विंडोजच प्रोसेसरला खाली येऊ देत नाही. "बॅलन्स्ड" घ्या आणि मिनिमम ५ टक्के आहे याची खात्री करा. मग बायोसमध्ये जाऊन स्पीडस्टेप, म्हणजे ईआयएसटी, आणि सी१ई हे काम नसताना वेग उतरवणारे दोन्ही पर्याय चालू करा. एवढ्यानं वेग खाली येईल.

व्होल्टेज मात्र येणार नाही. १.३६ हे मॅन्युअल मोडमध्ये बांधलेलं असल्यामुळे वेग १६०० झाला तरी बोर्ड १.३६ च देत राहील. व्हीकोअर ऑफसेट मोडमध्ये न्यावा लागेल. प्रत्येक वेगाला प्रोसेसर स्वतःच बोर्डाकडे ठरावीक व्होल्टेज मागतो. ऑफसेटमध्ये बोर्ड त्या मागणीत तुम्ही सांगाल तेवढं मिळवतो किंवा वजा करतो. त्यामुळे मागणी कमी झाली की व्होल्टेजही उतरतं.

याचा हिशेब लक्षात घ्या. चालू प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४४०० वरून १६०० वर आलात आणि व्होल्टेज तेच राहिलं तर ती साधारण ३६ टक्क्यांवर येते. व्होल्टेजही १.३६ वरून १.० वर आलं तर ती २० टक्क्यांच्या आत येते. गळतीची वीज (काम नसतानाही चिपमधून झिरपणारी) वेगळी, पण तीही कमी व्होल्टेजला आणि कमी तापमानाला घटते, म्हणून तुमच्या टिनाखालच्या खोलीत फायदा जास्त.

करायचं असं: आधी आत्ताच्या सेटिंगवर रेंडर लावून सीपीयू-झेडमध्ये दिसणारं व्होल्टेज लिहून ठेवा. बायोसमध्ये लिहिलेला आकडा आणि भाराखाली मिळणारा आकडा एकच नसतो. मग ऑफसेट अगदी लहान अधिक आकड्यावर ठेवा, +०.००५ चालेल. पहिल्यांदा भार देताना नजर व्होल्टेजवर. लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरंच वर जात असेल तर तिथेच थांबवा आणि ऑफसेट एकेक पायरी खाली आणत जा, भाराखालचा आकडा जुळेपर्यंत. लोड लाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) मधल्या पातळीवर असू द्या, शेवटच्या टोकाला नको.

---

वऱ्हाडी_पोट्टा

भाऊ, सर्किट भाऊनं सांगतलं ते बराबर हाय. पन मी म्हनतो उन्हाळ्यात ४.४ पायजेच कायले? माह्या मशीनमंदी हाच प्रोसेसर हाय. मी मार्चपासून ४.० वर आनतो, १.२२ व्होल्टात आरामात चालते. वेळ वाढते धाहा टक्क्यानं, म्हंजे पाच तासाचं रेंडर साडेपाच तासात होते. रात्रभर तं चालतेच ना ते. आन् गरमी केवढी कमी होते, करून पाहा. पावसाळा लागला का ४.४ वर नेजा परत.

---

सर्किट_वर्धा

हे पटलं. वरच्याच हिशेबानं ४.० आणि १.२२ ला वीज पाव हिश्शापेक्षा जास्त घटते आणि वेग फक्त ९ टक्के जातो. हा प्रोसेसर ९८ अंशांच्या आसपास स्वतःच वेग कापायला लागतो. ८५ पार म्हणजे मे महिन्यात तुमच्या हाताशी फार जागा उरत नाही.

---

गडचिरोलीची_मास्तरीण

इन्व्हर्टरबद्दल विचारते. भिंतीवर किती वॅट जातात ते मोजलंय का? सॉकेटमध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो. आमच्या शाळेतल्या संगणकांवर आम्ही तो लावला तेव्हा लक्षात आलं की प्रोसेसरपेक्षा जुना मॉनिटर जास्त खातो. लेसर प्रिंटर इन्व्हर्टरवर असेल तर तो आधी वेगळा काढा. फ्यूजर (कागदावर टोनर पक्का करणारा गरम भाग) तापवताना तो एकदम मोठा भार ओढतो.

---

कापूसपट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरीणबाई, मीटर मागवला आणि आधी तोच लावला. मॉनिटर सोडून नुसती मशीन, काहीच काम नसताना, ९६ वॅट. प्रिंटर इन्व्हर्टरवरच होता, तो आता थेट लाइनवर घेतला.

पॉवर प्लॅन खरंच "हाय परफॉर्मन्स"वर होता. बॅलन्स्ड करून बायोसमध्ये ईआयएसटी आणि सी१ई चालू केलं, वेग १६०० वर आला. व्होल्टेज १.३६ लाच चिकटून होतं, अगदी तुम्ही म्हणालात तसं. मग ऑफसेटवर गेलो. +०.००५ ला भाराखाली १.३८ दिसलं म्हणून खाली खाली येत -०.०३० वर थांबलो. आता भाराखाली १.३४ आणि रिकामं असताना ०.९६. मीटरवर ७४ वॅट. दुपारी प्रोसेसर ४८ अंशांवर, बाहेर ४४ असताना!

पण एक अडचण आली. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) रात्रभर बिनचूक चाललं, रेंडरही झालं. आणि ब्राउझर उघडा ठेवून चहा प्यायला गेलो तर परत येईस्तोवर मशीन गोठलेली. दुसऱ्यांदा निळा स्क्रीन, एरर कोड ०x१२४. भार असताना ठीक आणि रिकामी असताना बंद, हे काय आहे?

---

सर्किट_वर्धा

ऑफसेटचा हा नेहमीचा त्रास. तुम्ही वजा केलेले ०.०३० फक्त ४.४ ला लागू होत नाहीत, १६०० लाही तेवढेच वजा होतात. वर १.३४ पुरेसं आहे, पण खाली ०.९६ तुमच्या चिपला कमी पडतंय. शिवाय रिकाम्या मशीनला अचानक काम आलं की क्षणात मल्टिप्लायर १६ वरून ४४ वर उडी मारतो, त्या उडीतही व्होल्टेज अपुरं पडतं. प्राइम९५ मध्ये हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे भार सतत असतो. ०x१२४ या पिढीत बहुतेक वेळा व्हीकोअर कमी असल्याचीच खूण असते.

ऑफसेट -०.०१० करा. त्यानं भाराखालचं व्होल्टेज वाढेल ते लोड लाइन कॅलिब्रेशन एक पायरी सैल करून परत आणा. काही बोर्डांवर फक्त टर्बोसाठी वेगळं वाढीव व्होल्टेज देता येतं. तुमच्या बायोसमध्ये तसा पर्याय असेल तर तो सगळ्यात बरा. पुढची चाचणी उलटी घ्या: मशीन रिकामी सोडा, मध्येच ब्राउझर उघडा, पीडीएफ उघडा, परत सोडा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा) नोंदी येतात का ते पाहा. दुरुस्त झालेल्या चुका तिथे १९ क्रमांकानं येतात. मशीन बंद पडली नाही तरी ती नोंद दिसली तर अजून एक पायरी वर घ्या.

---

वऱ्हाडी_पोट्टा

आन् लाइन गेल्यावर मशीन अजून हलकी कराची असंन तं एक सोपी गोष्ट सांगतो. दुसरा पॉवर प्लॅन बनवा, त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के. ह्या पिढीत ओव्हरक्लॉक टर्बोच्या मल्टिप्लायरवरच बसते. ९९ केलं का टर्बो बंद, मशीन ३.३ च्या वर जातच नाई. इन्व्हर्टरवर असले का तो प्लॅन, रात्री रेंडरले बॅलन्स्ड. रीस्टार्टची गरज नाई.

---

गडचिरोलीची_मास्तरीण

गिऱ्हाईक नसेल तेव्हा स्लीपमध्ये टाकता का? रिकाम्या चालण्यापेक्षा त्यात किती तरी जास्त वाचते.

---

कापूसपट्टा

स्लीपमध्ये टाकली की परत उठतच नाही. पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच. हे आधीपासून आहे, म्हणून तो नाद सोडला होता.

बाकी सगळं जमलं. पोट्टेभाऊंचं ऐकून उन्हाळ्यापुरतं ४.२ वर आणलं, ऑफसेट -०.०१०, आता भाराखाली १.२९ आणि रिकामी असताना ०.९८. रेंडरला ७६ अंश. गोठणं थांबलं, १९ ची नोंद नाही. ९९ टक्क्यांचा प्लॅन "लाइन गेली" या नावानं डेस्कटॉपवरच ठेवला आहे. माझ्या मागे बायको दुकान सांभाळते, तिलाही एका क्लिकमध्ये जमतं.

---

सर्किट_वर्धा

उत्तम. स्लीपसाठी बायोसमध्ये इंटर्नल पीएलएल ओव्हरव्होल्टेज हा पर्याय शोधा. तो चालू असला की या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर मशीन स्लीपमधून उठत नाही. तो फार वरच्या वेगांसाठी असतो, ४.२ ला त्याची गरज नाही. बंद करून पाहा. स्थिरतेवर परिणाम वाटला तर तसं कळवा.

आणि हे सगळे आकडे बायोसच्या प्रोफाइलमध्ये साठवा, शिवाय कागदावर लिहून कॅबिनेटला आतून चिकटवा. बोर्ड इतका जुना आहे म्हणजे त्यावरचा सीआर२०३२ सेलही बहुधा तेव्हाचाच असेल. लाइन वारंवार जाणाऱ्या गावात तो उतरला की घड्याळ आणि सेटिंग दोन्ही जातात. हिंगणघाटात कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळेल, लग्नसराई भरात यायच्या आधी बदलून घ्या.